दया पडद्यावर आली, जमीनमालक आला नाही

हॉलिवूडच्या सुरुवातीच्या दिग्दर्शकांत किंग विडोरचे नाव आदराने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. १८९४ साली टेक्सासमध्ये जन्मलेला हा माणूस एका साच्यात अडकला नाही. 'द बिग परेड' (१९२५) हा युद्धपट, 'द क्राउड' (१९२८) ही शहराच्या गर्दीत हरवलेल्या कारकुनाची कथा, 'द चँप' (१९३१) मुष्टियोद्ध्याची, तर 'अवर डेली ब्रेड' (१९३४) मंदीत एकत्र येऊन शेती करणाऱ्या बेकारांची. दिग्दर्शनाच्या ऑस्करसाठी पाच वेळा नामांकन आणि १९७९ मध्ये मानद ऑस्कर.

आमचा प्रश्न त्याच्या १९२९ च्या 'हॅलेलुया'विषयी आहे. सगळे प्रमुख कलाकार कृष्णवर्णीय असलेला चित्रपट काढायला एमजीएम कंपनी कचरत होती. विडोरने स्वतःचे मानधन त्यात घालायची तयारी दाखवली, तेव्हा कुठे तो निघाला. हे धाडस आम्ही नाकारत नाही.

पण पडद्यावर काय दिसते? कापूस पिकवणारे कुटुंब गाते, नाचते, प्रार्थना करते. नायक पिकाचा पैसा जुगारात घालवतो, मोहात पडतो, पश्चात्ताप करतो. म्हणजे दुःखाचे मूळ त्याच्या स्वभावात! जमीन कोणाची, हिशोब कोणाकडे, हे कोणी विचारत नाही. गोरा जमीनमालक कथेतून गायब आहे.

याच्या नऊ वर्षे आधी ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने हॉलिवूडबाहेर राहून 'विदिन अवर गेट्स' काढला होता. त्यात अर्धलीने शेती करणाऱ्या बापाचा हिशोब त्याची शिकलेली मुलगी मांडते. बाप हिशोब चुकता करायला मालकाकडे जातो. मालकाला मारतो दुसराच गोरा माणूस, आळ येतो बापावर, आणि जमाव आईबापांचा जीव घेतो. शिकागोच्या सेन्सॉरने आधी परवानगीच नाकारली. दंगल होईल म्हणे!

विडोरकडे प्रतिभा होती, पैसा होता, कळवळाही होता. त्याला माणसे दिसली, व्यवस्था दिसली नाही. मिशोकडे साधने तुटपुंजी होती, पण ज्यांची गोष्ट होती त्यांच्यातलाच तो होता.

मित्रांनो, आपल्यावर कोणी कळवळ्याने चित्रपट काढला की आपण टाळ्या वाजवतो. जरूर वाजवा. पण आधी विचारा, यात मालक कुठे आहे? आणि कॅमेरा आपल्या हाती कधी येणार?