तोतया फोन आणि कंपन्यांची जबाबदारी

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा तेथील नोकरदार तरुण अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याचे भासवून तिकडच्या नागरिकांना अटकेची भीती घालीत होते. इंटरनेटवरून जाणाऱ्या कॉलला हवा तो क्रमांक चिकटविता येतो. त्यामुळे बोलणारा कोठून बोलतो आहे, हे ऐकणाऱ्यास कळण्यास मार्ग नसतो.

आज हीच विद्या आपल्या दारी परतली आहे. ‘डिजिटल अटके’च्या धमकीने कल्याण-डोंबिवलीतील निवृत्त माणसाची आयुष्यभराची पुंजी एका दिवसात जाऊ शकते. सावध राहा, असे शासन त्याला बजावते. सावधगिरी हवीच; परंतु जे तपासण्याचे साधन त्याच्यापाशी नाही, त्याचा भार त्याच्यावर टाकणे हा न्याय नव्हे.

अमेरिकेने २०१९ साली कायदा केला. त्यानुसार जून २०२१ अखेरपासून तेथील मोठ्या कंपन्यांना इंटरनेट-तंत्राच्या जाळ्यावरील कॉलवर सांकेतिक सही करावी लागते: क्रमांक आमच्याच ग्राहकाचा आहे, ही ती ग्वाही. जुन्या तंत्राच्या जाळ्यातून कॉल गेला की मात्र ती गळून पडते. भारताने निराळा मार्ग धरला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या यंत्रणेने परदेशातून भारतीय क्रमांक लावून आलेले सुमारे १.३५ कोटी कॉल पहिल्या २४ तासांत अडविले, असे दूरसंचार खात्याने जाहीर केले. हे स्वागतार्हच आहे. पण ‘सिम-बॉक्स’ नावाच्या यंत्रात डझनावारी सिमकार्डे घालून इंटरनेटवरून आलेला कॉल स्थानिक म्हणून सोडता येतो. ही चाळणी तेथे निरुपयोगी ठरते.

कॉल करणाराचे नोंदणीकृत नाव पडद्यावर दाखवावे, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. सिम-बॉक्सच्या कॉलवर उमटणारे नाव कोणाचे असेल? ज्याच्या कागदपत्रांवर ते कार्ड काढले गेले, त्या एखाद्या गरीब मजुराचे. ठग अदृश्य, कंपनी नामानिराळी आणि संशयित मजूर!

एकाच जागेवरून, एकाच यंत्रातून दिवसभर शेकडो कॉल सुटतात, हे प्रथम दिसते ते कंपनीलाच. वाहतुकीचा नफा तिचा, तर दुर्लक्षाची नुकसानीही तिचीच असली पाहिजे. संशयास्पद कॉल तपासण्यात कसूर करणाऱ्या कंपनीने फसवल्या गेलेल्या नागरिकाची भरपाई केली पाहिजे, अशी स्पष्ट तरतूद कायद्यात हवी. ती होईपर्यंत पडद्यावरचे नाव हा केवळ दिलासा राहील, संरक्षण नव्हे.