दवाखान्यापर्यंतची वाट

१९२१ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. कर्वे वैद्य नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते, ही गोष्ट आपण वैद्यकीय मंडळींनी अधूनमधून आठवावी. या प्रचारापायी त्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. १९३८ च्या नोव्हेंबरात आंबेडकरांच्या पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला गेला, तोही फेटाळला गेला. १९५२ साली शासनाने हा विषय हाती घेतला खरा, परंतु तो लोकसंख्येच्या आकड्यांपोटी. स्त्रीच्या प्रकृतीचा आणि इच्छेचा विचार जगाच्या व्यासपीठावर प्रमुखपणे यायला १९९४ ची कैरो परिषद उजाडावी लागली.

कैरोच्या आधीच गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन खेड्यांतील स्त्रियांची तपासणी केली होती. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षाने वैद्यकविश्व चकित झाले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि पूर्वी त्यासाठी तपासणी व उपचार झालेल्या जेमतेम ८ टक्के. या दोन आकड्यांमधले जे अंतर आहे तोच माझ्या लेखाचा विषय. 'अंगावरून जाते' हे वाक्य बाई शेजारणीजवळ सहज बोलते, डॉक्टरांसमोर मात्र 'अशक्तपणा वाटतो' एवढेच सांगते. आपण रक्तवाढीच्या गोळ्या लिहून देतो आणि पुढचा रुग्ण बोलावतो.

सिल्वासात सोयी नाहीत असे कोणी म्हणणार नाही. विनोबा भावे रुग्णालय आहे, खानवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे, २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालयही आहे. ४९१ चौरस किलोमीटरच्या प्रदेशाला हे थोडे नव्हे. तथापि इमारत उभी राहिली म्हणजे सेवा पोहोचली, हा समज मला मान्य नाही. मधुबन जलाशयाच्या काठच्या पाड्यावरील वारली किंवा कोकणा स्त्रीला तांबी बसवायची असेल, तर एक दिवसाची मजुरी, गाडीभाडे आणि घरी द्यावयाचे कारण एवढे सगळे जमवावे लागते. यातले तिसरे सर्वांत अवघड.

दुसरी स्त्री आपल्या अगदी शेजारी राहते, म्हणूनच कदाचित दिसत नाही. आमली, मसाट, रखोली येथील कारखान्यांमागच्या खोल्यांतून बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली कुटुंबे राहतात. २०११ च्या जनगणनेत दादरा व नगर हवेलीत दर हजार पुरुषांमागे ७७४ स्त्रिया नोंदल्या गेल्या. कामासाठी एकटे आलेले पुरुष हे त्याचे मोठे कारण. ज्या थोड्या स्त्रिया सोबत आल्या, त्यांच्याजवळ ना सासू-आई, ना ओळखीची सुईण, ना भाषा. गरोदरपणाची नोंद इथे, बाळंतपण माहेरी, आणि पाळणा लांबवण्याविषयी विचारणारे दोन्हीकडे कोणी नाही.

अशा बाईची पाळी चुकली आणि मूल नको असले, तर ती कोठे जाते? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील चौथ्या हिश्शाहून अधिक गर्भपात स्त्रियांनी घरीच, स्वतःच केलेले होते. औषधाच्या दुकानातून आणलेली गोळी, किती दिवस गेले याचा अंदाज नाही, गर्भ नलिकेत असल्यास काय होईल याची कल्पना नाही. रक्तस्राव थांबेना की मग आपली आठवण होते.

इथे आपल्याच व्यवसायाविषयी स्पष्ट बोलणे मला आवश्यक वाटते. १९७१ च्या गर्भपात कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. तरीही 'नवऱ्याची सही आणा' हे वाक्य आपल्याकडे सर्रास उच्चारले जाते. नवरा रात्रपाळीला असतो, गावी असतो, किंवा नेमके त्यालाच कळू द्यायचे नसते. ती सही कायद्याने मागितलेली नाही, ती आपल्या भीतीने मागितलेली असते, आणि तिची किंमत बाई भरते. २०२१ च्या दुरुस्तीने ठराविक परिस्थितींत मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढवली, नाव गुप्त ठेवण्याचे बंधन घातले. २०२२ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही तोच हक्क असल्याचे सांगितले. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत पोलिसांना कळवणे बंधनकारक असले, तरी तिने व पालकांनी विनंती केल्यास नाव उघड न करण्याची मुभा त्याच निकालाने डॉक्टरांना दिली. शेजारच्या नेपाळने २००२ साली कायदा बदलला आणि पुढे प्रशिक्षित परिचारिकांच्या हातीही गोळ्यांद्वारे गर्भपाताची सेवा सोपवली. डोंगराळ देशाला तो मार्ग सुचला, यात नवल नाही.

पुरुषांविषयी थोडे. वरील सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांनी स्वतः शस्त्रक्रिया करून घेतलेली आढळली, पुरुष नसबंदी ०.३ टक्के. बिनटाक्याची नसबंदी तुलनेने किती सोपी आहे हे आपण जाणतो. २०१४ साली बिलासपूर जिल्ह्यातील शिबिरानंतर तेरा स्त्रिया दगावल्या, तेव्हाही त्या रांगेत स्त्रियाच होत्या. कारखान्यांच्या फाटकाशी रक्तदान शिबिरे भरवणाऱ्या आपल्या मंडळाने तेथेच पुरुषांशी हा विषय का काढू नये? शिबिरात शस्त्रक्रिया नको, फक्त माहिती आणि तपासणीची तारीख.

माझी सूचना लहान आहे. ज्यांचा खाजगी दवाखाना आहे त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ, कामावरून सुटायच्या वेळी, केवळ स्त्रियांसाठी ठेवावी. सासू, नवरा, जाऊ यांना बाहेर बसवावे. वारली आणि हिंदी बोलणारी एखादी परिचारिका सोबत असावी. २०१७ पासून सरकारी केंद्रांत आलेले 'अंतरा' इंजेक्शन आणि 'छाया' गोळी यांची माहिती तांबीच्या जोडीने द्यावी, आणि निवड बाईला करू द्यावी. सहीचा नमुना मात्र त्याच दिवशी बदलावा. नवऱ्याच्या नावापुढची ती रिकामी ओळ छापखान्यात सांगून काढून टाकता येते.