पहिलटकरणीचा कैवार

सुईण म्हटले की आपल्या सुशिक्षित मंडळींच्या डोळ्यांपुढे अंधारी खोली आणि गंजका विळा उभा राहतो. गोमंतकात वैजीण म्हणून मान पावलेली बाई स्वच्छतेच्या अज्ञानामुळे पुष्कळदा घातक ठरली, हे मी नाकारीत नाही. माझा वाद तिच्या पुनरागमनासाठी नाहीच. परिचारिकेचे शिक्षण पुरे करून, वर अठरा महिने प्रसूतिविद्या शिकलेल्या आणि रुग्णालयातच काम करणाऱ्या सुईणीचा पक्ष मी घेत आहे. अशा सुईणी तयार करण्याचे धोरण केंद्र सरकारने २०१८ सालीच जाहीर केले आहे.

आपण मात्र शस्त्रालाच सुरक्षितता समजून बसलो आहोत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात शंभरांपैकी सुमारे २१ प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या. गोव्यात सुमारे ४०, तेलंगणात सुमारे ६१. हैदराबादेतील बाईची हाडे काय निराळ्या घडणीची असतात? यांत मुहूर्त पाहून पोट उघडविणारी कुटुंबेही आहेत, आणि ती आपल्यातलीच आहेत. जन्मवेळेवरून पत्रिका मांडतात, हे ठाऊक होते. पत्रिकेवरून जन्मवेळ मांडण्याचा उलटा व्यवहार कोणत्या शास्त्रात बसतो, हे एखाद्या ज्योतिर्विदाने सांगावे.

पहिले बाळंतपण मुळातच लांबते. गर्भाशयाचे मुख ताशी एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, हा दंडक प्रसूतिगृहांतून वर्षानुवर्षे चालला. तो सर्वांना लावणे चूक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्पष्ट केले. मुख पाच सेंटिमीटर उघडल्यानंतरही पहिलटकरणीला बारा तासांपर्यंत वेळ लागू शकतो. एवढा वेळ तिच्या उशाशी कोण बसणार? चार ठिकाणी धावणाऱ्या डॉक्टरांना ते शक्य नाही. सुईण तिला चालविते, कुशीवर वळविते, पाठ चोळते, बाळाच्या हृदयाचे ठोके मोजते. आणि बिघाडाचे चिन्ह दिसताच डॉक्टरांना बोलाविते. तिची खरी विद्या या शेवटच्या कामात आहे.

"पहिलीच खेप, काही कमीजास्त झाले तर?" शंका रास्त आहे. इंग्लंडातील चौसष्ट हजारांवर स्त्रियांची पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. तीत घरी बाळंत होण्याचे ठरविणाऱ्या निरोगी पहिलटकरणींच्या बाळांवर गंभीर संकटे अधिक आली: हजारी ९.३, रुग्णालयात ५.३. सुईणींच्या प्रसूतिकेंद्रांत मात्र असा वाढीव धोका आढळला नाही, आणि शस्त्रक्रियाही कमी झाल्या. दहांपैकी सुमारे चार पहिलटकरणींना तेथून डॉक्टरांकडे हलवावे लागले, हेही तितकेच खरे. म्हणून केंद्र हवे ते रुग्णालयाच्या भिंतीला भिंत लावून.

वकील या नात्याने आणखी एक सांगणे प्राप्त आहे. जीवावर बेतलेले नसताना, भूल दिलेल्या सज्ञान स्त्रीच्या वतीने तिच्या आईने दिलेली संमतीही २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. मग सासऱ्याच्या सहीची काय कथा!

आमच्या अनेक देवस्थानांपाशी निधी आहे. सभामंडपाला नवा संगमरवर बसविण्यापूर्वी दोन परिचारिकांच्या या अठरा महिन्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलावा, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत कोणी मांडील काय? अनुमोदन द्यायला मी उभा राहीन.