कंत्राटदाराचे उंदीर कागदावर, कामगाराचे पिशवीत

वरळीतल्या आमच्या अभ्यासवर्गात नाव नोंदवताना एका मुलाने वडिलांच्या व्यवसायापुढे फक्त 'महापालिका' असे लिहिले. कोणते खाते, असे विचारल्यावर तो गप्प बसला. सगळे गेल्यावर हळूच म्हणाला, "दादा, ते रात्री उंदीर मारतात. पोरांसमोर सांगू नका."

आम्ही त्या मुलाला दोष देत नाही. ज्या वस्तीने पँथरचा काळ पाहिला, जिथे प्रत्येक जयंतीला आपण मान ताठ करून चालतो, तिथल्या मुलाला बापाच्या कामाची लाज वाटावी, ही आपल्या चळवळीच्या कामातली उणीव आहे. म्हणून आज या कामाबद्दल स्पष्ट बोलायचे आहे.

मुंबई महापालिकेच्या कीटकनाशक खात्यात 'रात्रपाळी मूषक संहारक' नावाचे कामगार आहेत. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात काठी. शहर झोपल्यावर हे लोक बाजार, गल्ल्या, चाळींच्या मागची घरगल्ली आणि गटारांच्या कडेने फिरतात. एका रात्रीत किमान 30 उंदीर मारायचे आणि सकाळी ते मोजून द्यायचे. आकडा भरला नाही तर पगाराला कात्री. जे कायम नोकरीत नाहीत, संस्थांमार्फत कामावर घेतलेले आहेत, त्यांचा हिशेब आणखी सरळ आहे: जेवढे उंदीर, तेवढे पैसे. काही वर्षांपूर्वी एका उंदरामागचा दर 10 रुपयांवरून 18 रुपये झाला, तर त्याचीही बातमी झाली. वर्तमानपत्रांनी ती चवीने छापली आणि लोक हसले.

यात हसण्यासारखे काय आहे, हे आम्हाला कळलेले नाही.

अमेरिका-कॅनडाच्या शेतांवर गोफर नावाचा बिळे करणारा छोटा प्राणी पिकांची नासाडी करतो. तिथे त्याला बंदुकीने टिपणे हा अनेकांचा सुट्टीतला खेळ आहे. 2002 मध्ये कॅनडाच्या सस्कॅचेवन प्रांतात तर बक्षिसे लावून स्पर्धा भरली होती. आपल्याकडे 2016 मध्ये बिहारच्या मोकामा भागात नीलगायी पिके खातात म्हणून हैदराबादहून नेमबाज बोलावले गेले आणि 200 हून जास्त नीलगायी मारल्या गेल्या. त्या नेमबाजांना 'शिकारी' म्हटले गेले, त्यांचे फोटो छापले गेले.

म्हणजे उपद्रवी प्राणी मारणे हे काम मुळात हलके नाही. ते कोण करतो आणि कशाने करतो, यावर त्याची प्रतिष्ठा ठरते. राजेरजवाड्यांनी मारलेल्या वाघाचे मुंडके दिवाणखान्यात टांगले गेले. फासेपारध्याने पोटासाठी तितर धरला तर इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्याला जन्मजात गुन्हेगार ठरवले. बाबासाहेबांनी 1936 मध्येच सांगितले होते की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीही विभागणी आहे. घाण, मैला, मेलेले जनावर यांना हात लावणारा माणूस खालचा, हा नियम गावात होता. शहराने त्या नियमाला युनिफॉर्म आणि कंत्राट दिले, एवढेच.

आता हिशेबाचे बघू. मार्च 2018 मध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत मंत्रालयातल्या उंदीर निर्मूलनाचे प्रकरण मांडले. एका कंत्राटात सात दिवसांत 3,19,400 उंदीर मारल्याची नोंद असल्याचे त्यांनी सांगितले. म्हणजे दिवसाला 45 हजारांहून जास्त! एवढ्या मेलेल्या उंदरांची विल्हेवाट कुठे लावली, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे सरकारकडून खुलासा आला की तो आकडा उंदरांचा नाही, विषारी गोळ्यांचा आहे.

मित्रांनो, या दोन हिशेबांतला फरक बघा. वरळीतल्या कामगाराला प्रत्येक उंदीर पिशवीत घालून सकाळी साहेबापुढे मोजून द्यावा लागतो. एकोणतीस झाले तर प्रश्न विचारले जातात. मंत्रालयातल्या कंत्राटाला मात्र मेलेला उंदीर दाखवावा लागत नाही, गोळ्या मोजल्या की भागते. गरिबाकडून पुरावा मागायचा आणि कंत्राटदाराच्या कागदावर विश्वास ठेवायचा, यालाच आम्ही व्यवस्था म्हणतो.

दुसरा मुद्दा, या मोजणीने शहराचा तरी फायदा होतो का? उंदरीण सुमारे 21 दिवसांत विते, एका वेळी आठ-दहा पिल्ले देते आणि ती पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः वितात. जोवर उघडा कचरा आणि फुटकी गटारे आहेत, तोवर मारलेल्या उंदराची जागा दुसरा घेणारच. म्हणून 'यंदा इतके लाख उंदीर मारले' हा आकडा यशाचा नाही, तेवढ्या उंदरांना पुरेल इतका कचरा शहरात पडून होता, याची ती कबुली आहे. हा कचरा फक्त चाळीतला नसतो. टॉवर आणि हॉटेलांच्या मागच्या दारातून निघणारा कचराही त्यातच असतो. पुनर्विकासाचे खोदकाम सुरू झाले की बिळांतले उंदीर शेजारच्या चाळीत शिरतात, हे बीडीडीतल्या कोणत्याही आईला विचारा.

1896 साली मांडवीत प्लेग आला तेव्हाही हेच झाले. रोग उंदरांवरच्या पिसवांतून पसरत होता, पण सरकारचा हातोडा पडला तो गरिबांच्या घरांवर. आजही रोगाचा धोका खालच्यालाच आहे. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला जखम असेल आणि माणूस घाण पाण्यातून चालला की जंतू शरीरात शिरतो. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईने हे भोगले आहे. तो पूर एकदा आला. मूषक संहारक रोज रात्री त्याच पाण्याच्या कडेला उभा असतो.

न्यूयॉर्क शहराने 2023 मध्ये उंदीर नियंत्रणासाठी एक संचालक नेमला, वर्षाला 1,55,000 डॉलर पगारावर. तिथे भर कचरा झाकणबंद डब्यांत टाकण्यावर आहे. आपल्याकडे सगळा भर काठीवर आणि काठी धरणाऱ्याच्या पाठीवर.

काही जण म्हणतील, कोणी जबरदस्ती केली आहे का, सोडा नोकरी. ज्या मुलाच्या हातात पदवी आहे आणि तरीही तो या कामासाठी रांगेत उभा राहतो, त्याला ही मोकळीक ऐकवून बघा.

आपल्यातलेही एक वाक्य आम्ही विहारात ऐकले आहे: "आपण बौद्ध, पहिले शील घेतो आणि हा रोज जीव घेतो." हे बोलणाऱ्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पुन्हा वाचावा. अहिंसा हा आंधळा नियम नसून तत्त्व आहे, असे बाबासाहेबांनी तिथे मांडले आहे. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत त्यांनी फरक केला आहे. गोफरवर बक्षीस लावणाऱ्याची ती इच्छा आहे. झोपलेल्या लेकरांना रोगापासून वाचवण्यासाठी काठी उचलणाऱ्याची ती गरज आहे, आणि ती गरजही त्याची एकट्याची नाही, आपल्या सगळ्यांची आहे. आपण झोपायचे, त्याने मारायचे आणि सकाळी आपणच त्याला शील शिकवायचे, हे धम्मात बसत नाही.

मग करायचे काय? महापालिकेने सफाईतल्या कंत्राटी माणसांनाही वर्षानुवर्षे कामगार मानले नव्हते, काहींना तर 'स्वयंसेवक' म्हटले. कचरा वाहतूक श्रमिक संघ लढला आणि एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2,700 सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश कायम ठेवला. संघटना आणि कागद, दोन्ही हातात असले की असे होते.

म्हणून आमचे म्हणणे असे. नगावर मजुरी बंद करा, महिन्याचा पगार द्या. गमबूट, हातमोजे, टॉर्च आणि नियमित वैद्यकीय तपासणी हा हक्क माना. खात्याचे यश मारलेल्या उंदरांवर मोजू नका, बुजवलेल्या बिळांवर आणि उचललेल्या कचऱ्यावर मोजा.

वरळीतल्या तरुणांनी जी दक्षिण विभागाकडे माहिती अधिकारात चार प्रश्न टाकावेत: विभागात मूषक संहारक किती, त्यातले कायम किती, संस्थांमार्फत घेतलेल्यांना एका उंदरामागे हातात किती पडतात, आणि गेल्या तीन वर्षांत सुरक्षा साहित्यावर किती खर्च झाला. दहा रुपये फी लागते. एका चहा-वडापावापेक्षा कमी.

आणि त्या मुलाला आम्ही एवढेच सांगितले: पुढच्या फॉर्मवर पूर्ण लिही. खाते लिही, काम लिही. लाज वाटायची असेल तर ती एका उंदरामागचा दर ठरवणाऱ्याला वाटू दे.

जय भीम!