ऐकल्यावांचून दिलेला निवाडा

मागें एकदां याच सदरांत 'रॅप' नांवाच्या गायनप्रकाराविषयीं आम्हीं चार शब्द लिहिले होते, हें नित्याच्या वाचकांपैकीं कांहींच्या स्मरणांत असेल. ज्यांत सूर नाहीं, राग नाहीं, आणि अर्थ असलाच तर तो शिवीचा, त्याला गाणें कां म्हणावें, असा आमचा त्या वेळचा प्रश्न होता. लेख अनेकांस आवडला. अभिनंदनाचीं पत्रेंही आलीं. परंतु त्या लेखांत एक मोठें व्यंग होतें. पत्रें लिहिणारांपैकीं कोणाच्याही तें ध्यानीं आलें नाहीं. ध्यानीं आलें तें आमच्या धाकट्या बंधूंच्या नातवाच्या. तें आज वाचकांपुढें ठेवणें आम्हांस प्राप्त आहे.

हा मुलगा सतरा वर्षांचा. पुण्यास शिकतो आणि उन्हाळ्याच्या सुटींत हिंगोलीस आमच्याकडे येतो. कानांत यंत्राच्या गुंड्या घालून ओसरीवर मान हालवीत बसणें हा त्याचा नित्यक्रम. एके दुपारीं तो अंक त्याच्या हातीं पडला. लेख वाचून होतांच त्यानें एवढेंच विचारलें, "आजोबा, तुम्ही यांतलं एक तरी गाणं शेवटपर्यंत ऐकलंत का हो?"

आम्हीं एकही ऐकलें नव्हतें. दसऱ्याच्या दिवसांत रामलीला मैदानावरील कर्ण्यांतून जातां-येतां जें कानीं पडलें, तेवढ्यावर आम्हीं निकाल देऊन टाकला होता. सारा जन्म आम्हीं मुलांच्या उत्तरपत्रिका तपासण्यांत घालविला; उत्तर न वाचतां गुण देणारा परीक्षक आम्ही नेहमींच पापी समजत आलों. तेंच पाप या सदरांत आमच्या हातून घडलें होतें. आम्हांस उत्तर सुचेना, तों मुलगा उठून गेला. रात्रीं आमच्या कुटुंबानें हळूच सांगितलें, "अहो, तो स्वतःच वहींत असलं कांहीं तरी लिहितो. मला दाखवलंन्. आजोबांना दाखवूं नकोस म्हणाला." मुलाच्या प्रश्नापेक्षां हें वाक्य आम्हांस अधिक लागलें. ज्याच्या हातीं घरांत लेखणी आली, त्यानें ती आमच्यापासून लपवावी, ही आमच्या शिक्षकीची शोभा नव्हे.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्यास बोलावून म्हटलें, "लाव तुझीं गाणीं. आम्ही ऐकतों, मात्र मध्यें मध्यें अर्थ सांगावा लागेल." तीन संध्याकाळ हा क्रम चालला. त्यानें प्रथम निवडला तो त्याच्याच पुण्यांतील गायक, एम. सी. स्टॅन. ताडीवाला रस्त्यावरील वस्तींत वाढलेला हा तरुण. खरें नांव अल्ताफ. लहानपणीं कव्वाली गात असे. 'तडीपार' हा त्याचा गीतसंग्रह २०२० सालीं आणि 'इन्सान' हा २०२२ सालीं निघाला, आणि २०२३ च्या फेब्रुवारींत 'बिग बॉस' या दूरचित्रवाणीवरील स्पर्धेंत तो विजयी ठरल्यावर घरोघरचीं मुलें त्याचें नांव घेऊं लागलीं. भाषा हिंदी, पण दखनी वळणाची. आमच्या हिंगोलीवर निजामाच्या छावणीचे संस्कार झालेले असल्यामुळें ही बोली बाजारांत आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. ती समजण्यास अडचण पडली नाहीं. अडचण पडली ती वेगामुळें.

पहिल्या संध्याकाळीं आम्हांस केवळ गलका ऐकूं आला. दुसऱ्या संध्याकाळीं, जन्मभराच्या संवयीनें, आमचीं बोटें मात्रा मोजूं लागलीं, आणि आम्ही चकित झालों. ठेका चारांचा आणि बांधीव. चरणाच्या शेवटीं यमक आहेच, परंतु चरणाच्या पोटांतही दोन-तीन ठिकाणीं अनुप्रास साधलेला. शब्द ठेक्याच्या किंचित् पुढें किंवा मागें टाकून पुन्हां समेवर आणावयाचा, हें कसबाचें काम आहे. मराठींत याला जवळचें असें कांहीं आहे काय, याचा विचार करितां आम्हांस अमृतरायांचे कटाव आठवले. औरंगाबादेस राहिलेल्या या कवीचे कटाव कीर्तनकार एका दमांत, शब्दांवर शब्द कोसळवीत म्हणत. तेथें रागापेक्षां लय आणि नाद यांचेंच राज्य असे. शाहिरांच्या कलगी-तुऱ्याच्या सवाल-जबाबांत प्रतिपक्षाची भर सभेंत टर उडविली जाई. रॅपवाल्यांच्या परस्पर सामन्यांतही नेमकें तेंच चालतें. म्हणजे "ज्यांत राग नाहीं तें गाणें नव्हे" हा आमचा पहिला आक्षेप आमच्याच परंपरेच्या अज्ञानांतून निघाला होता. तो आम्ही आज परत घेतों.

दुसरा आक्षेप मात्र परत घेतां येत नाहीं. या गाण्यांत स्त्रियांविषयीं येणारे उद्गार कित्येक ठिकाणीं हीन आहेत. आपल्या पायांतील जोड्याची आणि गळ्यांतील सांखळीची किंमत पुनः पुनः सांगणारी आत्मस्तुति कंटाळवाणी आहे. गळ्याचा स्वाभाविक आवाज यंत्रांतून गाळून काढण्याची हौसही अति झाली आहे. परंतु ज्या ठिकाणीं तो वस्ती, दारिद्र्य आणि लोकांकडून झालेली अवहेलना यांविषयीं बोलतो, तेथें शब्दांस धार येते आणि ते खोटे वाटत नाहींत. मम्मटानें 'काव्यप्रकाशां'त अश्लील हा दोष सांगितला, आणि लज्जा, जुगुप्सा व अमंगल असे त्याचे तीन प्रकारही केले. तोच मम्मट असेंही सांगतो कीं, बोलणारा कोण आणि प्रसंग कोणता हें पाहिलें असतां दोषही क्वचित् दोष राहत नाहीं. गल्लींतल्या पोराच्या क्रोधांत ग्राम्य शब्द आला, तर तो पात्राला धरून आहे. परंतु केवळ टाळ्यांसाठीं एखाद्या मुलीची विटंबना केली, तर तिचें समर्थन कोणत्याही औचित्यानें होत नाहीं. असा भेद करावयाचा तर गाणें संपूर्ण ऐकावें लागतें. त्याला दुसरा मार्ग नाहीं.

आतां आपल्या समाजांत या गाण्यांचें स्वागत कसें होतें तें पाहा. २०२३ च्या मार्च महिन्यांत इंदूर येथें याच गायकाच्या कार्यक्रमांत करणी सेनेचे लोक रंगमंचावर शिरले. गाणीं अश्लील आहेत असा त्यांचा आरोप होता. कार्यक्रम बंद पडला. पुढच्याच महिन्यांत आमच्या मराठवाड्यांतील राज मुंगासे या तरुणानें आमदारांच्या पक्षांतरावर मराठींत एक उपरोधिक रॅप रचलें. त्यांत कोणाचें नांव नव्हतें. तरी सत्ताधारी पक्षाच्या कार्यकर्त्याच्या तक्रारीवरून अंबरनाथ येथें त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला. त्याच सुमारास मुंबईच्या उमेश खाडे यासही जनतेच्या हालांवरील रॅपासाठीं पोलिसांनीं चौकशीस नेलें. पहिल्याच्या शब्दांवर अश्लीलतेचा आरोप, दुसऱ्या दोघांच्या शब्दांत राजकीय उपरोध. प्रकार अगदीं भिन्न. परंतु परीक्षक एकच, आणि तो म्हणजे दांडगाई किंवा दंडविधान. दुसऱ्या बाजूस किती लक्ष लोकांनीं गाणें पाहिलें हा आंकडा. चाहत्यांस तेवढा निकाल पुरेसा वाटतो. या दोहोंच्या मध्यें जी जागा आहे, ती टीकाकाराची. ती रिकामी आहे. कारण ज्यांनीं तेथें बसावयाचें ते आमच्यासारखे लोक नाक मुरडून आंत जाऊन बसले आहेत.

अमेरिकेंतील एक खटला या संबंधांत मनन करण्याजोगा आहे. 'टू लाइव्ह क्रू' या मंडळीचा १९८९ सालचा एक रॅपसंग्रह फ्लॉरिडांतील संघ-न्यायालयानें १९९० च्या जून महिन्यांत अश्लील ठरविला. १९९२ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो निर्णय फिरविला. गायकांच्या बाजूनें जाणकारांच्या साक्षी झाल्या होत्या. विरुद्ध बाजूनें जाणकाराची साक्षच नव्हती, केवळ ध्वनिफीत पुढें ठेवली होती. आणि न्यायाधीशानें स्वतः ती ऐकून तींत कलामूल्य नाहीं असें ठरविलें होतें. एवढ्यावरून तसें ठरवितां येत नाहीं, असें वरिष्ठ न्यायालयाचें म्हणणें पडलें. त्या न्यायाधीशानें निदान ऐकलें तरी होतें! पुढें त्याच देशांत केंड्रिक लामार या रॅप-गायकाच्या 'डॅम' या संग्रहास २०१८ सालीं संगीताचें पुलित्झर पारितोषिक मिळालें. मधल्या काळांत तेथें या गाण्यांकडे कान देणारे, दोष व गुण वेगळे काढून दाखविणारे टीकाकार निर्माण झाले होते, हें विसरूं नये.

आपल्याकडे असे कान नव्हतेच असें नाहीं. उत्तर पेशवाईंतील राम जोशी सोलापूरच्या ब्राह्मण कुटुंबांतला; तमाशाच्या नादीं लागला म्हणून घरच्यांस तो नकोसा झाला. त्याच्या वाणीची योग्यता ओळखली ती मोरोपंतांसारख्या पंडितकवीनें, अशी परंपरा आहे. मोरोपंतांनीं डफाचा आवाज ऐकतांच कानांत बोटें घातलीं असतीं, तर मराठी भाषा एका मोठ्या शब्दप्रभूच्या आदरास मुकली असती. अलीकडचें उदाहरण मर्ढेकरांचें. १९४७ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'कांहीं कविता' या त्यांच्या संग्रहावर अश्लीलतेचा खटला भरण्यांत आला. त्यांतून ते निर्दोष सुटले. त्याच मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथास १९५६ सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. आमच्या वडिलांच्या पिढींतल्या सुशिक्षितांनीं त्यांची कविता प्रथम पोलिसांच्या दृष्टीनें वाचली, हें आज आम्हांस लाजिरवाणें वाटतें. आमच्या नातवंडांस आमच्याविषयीं तसेंच वाटूं नये एवढीच इच्छा.

आणि दूर कशाला जावें? नरसी हें नामदेवरायांचें जन्मस्थान आमच्याच जिल्ह्यांत. औंढ्याच्या नागनाथापुढें नामदेव कीर्तन करीत असतां पुजाऱ्यांनीं त्यांस मागील बाजूस घालविलें, आणि देवळानेंच फिरून त्यांच्याकडे तोंड केलें, ही कथा आम्ही शाळेंत किती वेळां सांगितली असेल! आजच्या रॅपवाल्यांस नामदेवांच्या पंक्तीस बसवावें असा याचा अर्थ कोणीं करूं नये. परंतु त्या कथेंतल्या पुजाऱ्यांनीं कीर्तन ऐकून मग हांकलून दिलें असें कोणी म्हणत नाहीं, ही गोष्ट सांगतांना आम्हांस कधीं जाणवली नव्हती.

तिसऱ्या संध्याकाळीं गाणीं संपल्यावर आम्हीं मुलास आमचें मत सांगितलें, तें वर लिहिलें तसेंच. तो एका आक्षेपाशीं सहमत झाला, दुसऱ्यावर भांडला. जोड्यांच्या किंमतीविषयीं तो म्हणाला, "आजोबा, ज्याच्या पायांत कधीं धड चप्पल नव्हती तो सांगणारच कीं!" याला आम्हांस लगेच उत्तर देतां आलें नाहीं. मग थोड्या वेळानें त्यानें आपण होऊन वही आणून आमच्यापुढें ठेविली. पांच-सहा पानें मराठींत होतीं. आपल्या गांवच्या आटलेल्या विहिरीवर आणि पुण्यांतल्या खोलीच्या भाड्यावर त्यानें चार कडवीं रचलीं होतीं. दोन ठिकाणीं मात्रा कमी पडत होत्या, त्या आम्हीं दाखविल्या. एका ओळींत वर्गांतल्या कोणा मुलीविषयीं वाईट शब्द होता. तो कां नको, हें आम्हीं न रागावतां सांगितलें. त्या मुलीनें तें ऐकलें तर तिला काय वाटेल, हेंही विचारलें. तो गप्प राहिला. ती ओळ त्यानें अद्याप खोडलेली नाहीं. परंतु जातांना वही आमच्या टेबलावर ठेवून गेला, आणि पुढच्या सुटींत परत नेईन म्हणाला.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असे मुलगे अथवा मुली असतील, त्यांस आमची विनंति एवढीच कीं, त्यांचें एक गाणें त्यांच्याशेजारीं बसून शेवटपर्यंत ऐकावें, आणि मग जें वाटेल तें त्यांच्या तोंडावर सांगावें. त्यानंतर कोणास आमचा पूर्वीचाच लेख बरोबर होता असें वाटलें, तर तसें पत्र अवश्य पाठवावें; आम्ही त्याचा विचार पुढील अंकीं करूं.