शिफारशींना सरसकट नकार नको

सर्व्हरवर जागा वाचवायची म्हणून एपीटीच्या सेटिंगमध्ये एक ओळ टाकायची आणि शिफारस केलेली सगळी पॅकेजेस कायमची बंद करून टाकायची, ही पद्धत आमच्या धंद्यात फार बोकाळली आहे. ती घातक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

लिनक्सशी रोजचा संबंध नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. डेबियन किंवा उबुंटूवर सॉफ्टवेअर येतं ते एपीटी या पॅकेज मॅनेजरमार्फत. डेबियन 12 मध्ये 64 हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत आणि बहुतेकांना इतर कुणाची ना कुणाची गरज लागते. ही गरज किती, हे पॅकेज बांधणारा माणूस लिहून ठेवतो. ज्याच्यावाचून पॅकेज चालणारच नाही, ते 'डिपेंड्स'मध्ये. चालेल, पण नेहमीच्या वापरात सोबत असायलाच हवं, ते 'रेकमेंड्स'मध्ये. असलं तर बरं, ते 'सजेस्ट्स'मध्ये. फेब्रुवारी 2009 मध्ये आलेल्या डेबियन 5 पासून एपीटी रेकमेंड्समधली पॅकेजेसही आपणहून बसवतं. ज्याला नको असतील त्याने तसं सांगायचं. वादाचं मूळ ते इथे.

पुण्यात मी छोट्या संस्थांचे सर्व्हर सांभाळतो. बरेचसे दुसऱ्या कुणीतरी उभे केलेले माझ्याकडे येतात. असाच एक आला. दोन डिस्कची रेड जोडी, म्हणजे एक डिस्क गेली तरी दुसरीवर सगळी माहिती शाबूत. मी सवयीप्रमाणे एमडीस्टॅट, म्हणजे रेडची स्थिती दाखवणारी फाइल, उघडून पाहिली. चौकटी कंसात दोन 'यू' दिसायला हवेत, तिथे एक 'यू' आणि शेजारी नुसती अधोरेखा. म्हणजे एक डिस्क केव्हाच गेली होती आणि संस्थेचा सगळा हिशेब उरलेल्या एकीवर चालला होता. कुणालाच पत्ता नाही.

पत्ता लागणार कसा? रेड सांभाळणारं एमडीएडीएम हे पॅकेज डिस्क बिघडली की रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याच्या, नावे मेल टाकतं. मेल टाकायला मशीनवर मेल पोहोचवणारा प्रोग्राम लागतो, म्हणून एमडीएडीएमच्या रेकमेंड्समध्ये मेल सर्व्हरचं नाव असतं. डेबियनवर त्यापोटी एक्झिम येतो. नव्या माणसाला तो पाहून राग येतो. 'मी डिस्कचं पॅकेज मागितलं, हा मेल सर्व्हर कुठून उपटला?' या मशीनवरही तो 'कचरा' म्हणून आधीच अडवलेला होता. एक्झिम नुसता बसवून भागत नाही, हे खरं. मूळ मांडणीत तो मशीनच्या आतल्या आतच मेल पोहोचवतो, बाहेर पाठवायला सेटिंग करावं लागतं आणि रूटचा मेल एखाद्या जित्याजागत्या माणसाकडे वळवावा लागतो. पण निदान तो समोर आला असता तर 'हा इथे का?' एवढा प्रश्न तरी पडला असता.

कंटेनरवाल्यांचं म्हणणं मला मान्य आहे. डॉकरची इमेज लहान हवी, तिच्यात काय जातं ते एकेक नाव लिहून ठरवलेलं हवं. तिथे 'नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' लिहिणं योग्यच. पण मग वगळलेल्या शिफारशींची यादी खरोखर वाचा. कोऱ्या इमेजमध्ये शिफारशी वगळून गिट बसवलं आणि एचटीटीपीएस पत्त्यावरून क्लोन करू गेलं, की सर्टिफिकेट तपासता आलं नाही म्हणून ते थांबतं. कारण सीए-सर्टिफिकेट्स हे पॅकेज गिटच्या रेकमेंड्समध्ये असतं. दुरुस्ती एका शब्दाची: ते नाव यादीत घाला. प्रत्यक्षात कित्येक जण सर्टिफिकेटची तपासणीच बंद करून मोकळे होतात. कुलूप उघडेना म्हणून दारच काढून ठेवायचं, असला हा प्रकार आहे.

अपग्रेडच्या वेळी गोष्ट आणखी नाजूक होते. एपीटीचा नियम इथे समंजस आहे. जुन्या आवृत्तीनेही ज्याची शिफारस केली होती आणि तरीही जे तुमच्याकडे नाही, ते एपीटी पुन्हा माथी मारत नाही. नव्या आवृत्तीने नव्याने सुचवलेलं तेवढं आणतं. 2012 मध्ये ग्नोम डेस्कटॉपच्या पॅकेजने नेटवर्क-मॅनेजर सक्तीचा करायचा की नाही, हा वाद डेबियनच्या तांत्रिक समितीपुढे गेला होता. ज्यांनी तो मुद्दाम काढून टाकला होता, त्यांच्याकडे सक्तीमुळे तो अपग्रेडमध्ये परत आला असता. समितीने तो रेकमेंड्समध्ये ठेवायला लावला. मला तो निर्णय आजही पटतो.

उलट बाजूही आहे. काल जो भाग पॅकेजच्या पोटात होता, तो पुढच्या आवृत्तीत वेगळा निघतो. घड्याळ जुळवणारा टाइमसिंकडी पूर्वी सिस्टमडीच्या पॅकेजमध्येच होता. डेबियन 12 मध्ये तो स्वतंत्र आहे आणि सिस्टमडी त्याची नुसती शिफारस करतं. शिफारशी सरसकट बंद केलेल्या नव्या मशीनवर तो येतच नाही. घड्याळ हळूहळू सरकतं, लॉगमधल्या वेळा जुळत नाहीत, आणि माणूस कारण शोधत बसतो भलतीकडेच.

एपीटी बनवणाऱ्यांकडेही माझी एक मागणी आहे. बसवताना ते 'ही जादा पॅकेजेस येतील' अशी एकच यादी दाखवतं. सक्तीची कोणती, शिफारशीची कोणती, कुणी कुणाची शिफारस केली, काही कळत नाही. 'ॲप्टिट्यूड व्हाय' ही आज्ञा कारण सांगते, पण ती मुद्दाम विचारावी लागते. ही माहिती 'हो की नाही' विचारण्याआधी, त्याच पडद्यावर, वेगळ्या ओळीत यायला हवी. कारण दिसलं की माणूस विचार करून नकार देतो. नुसतं ढीगभर नावांकडे पाहून तो वैतागून सगळंच बंद करतो, आणि त्यात त्याची एकट्याची चूक नाही.

तोवर हे काम आपलंच. तुमच्या संस्थेचा सर्व्हर जो कुणी सांभाळतो, त्याला या आठवड्यात दोन गोष्टी विचारा: शिफारशी सरसकट बंद आहेत का, आणि डिस्क बिघडली तर मेल कुणाला जातो? दुसऱ्या प्रश्नाला माणसाचं नाव सांगता आलं नाही, तर त्याच दिवशी एमडीस्टॅट उघडून बघायला सांगा.