जाहिरात नको, तपासणी हवी

अंथुर्णे परिसरातला पन्नाशीचा शेतकरी रात्री मोटार चालू करून उसाला पाणी देतो आणि सकाळी पुन्हा कामाला जुंपला जातो. अंगात त्राण नाही, झोप नाही, इच्छाही उरलेली नाही, हे तो घरात बोलत नाही. अशा वेळी भिंतीवरची ‘मर्दानगी’ची जाहिरात त्याला गाठते. लैंगिक शक्तीच्या औषधांच्या जाहिरातींवर 1954च्या कायद्याने बंदी आहे. ती बंदी अमलात आलीच पाहिजे.

तिशी-चाळिशीनंतर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन वर्षाला साधारण एक टक्क्याने घटते. हा आजार नव्हे. मात्र मधुमेह, वाढलेले पोट, दारू आणि अपुरी झोप ही घट वाढवतात. लक्षणे असतील आणि सकाळी उपाशीपोटी, वेगवेगळ्या दिवशी केलेल्या दोन तपासण्यांत पातळी कमी आढळली, तरच हार्मोन उपचाराचा विचार होतो. 2023मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांवर पुरुषांच्या ‘ट्रॅव्हर्स’ अभ्यासात या उपचाराने हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत. पण हृदयाची अनियमित लय आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी यांचे प्रमाण अधिक आढळले. शिवाय बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनमुळे शुक्राणूंची निर्मिती घटते. मूल हवे असणाऱ्यांनी हे आधी जाणून घ्यावे.

आरोग्य केंद्रांत रक्तदाब आणि साखर तपासताना पुरुषांना थकवा, झोप आणि लैंगिक इच्छा यांबाबतच्या तक्रारीही आवर्जून विचारल्या जाव्यात. बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने त्यात पुढाकार घ्यावा. आणि पुरुषांनी संकोच सोडून, मनाने इंजेक्शन न घेता, आधी डॉक्टर गाठावा.